पायदळ मामी

आमच्या सासूबाईंच्या मानेला मागे वळायची सोय देवाने दिलेलीच नव्हती. म्हणजे कोणी नावाने हाक मारली तर वळायच्या, मांजर म्यावलं तरी वळायच्या. पण मागून हॉर्न वाजला की ती मान सिमेंटची होऊन जायची. फुटपाथवरून चालताना मागे एखादा मोटरसायकलवाला पींऽऽ करत आला, की त्या आधी चाल मंद करायच्या, मग थांबायच्या, पिशवी या हातातून त्या हातात घ्यायच्या आणि समोरच्या दुकानाची पाटी वाचायला लागायच्या. वाचता त्यांना जेमतेम यायचं, त्यामुळे एका पाटीला बराच वेळ पुरायचा.

मी त्यांना मामी म्हणायचो. अकोल्याच्या जठारपेठेत मात्र त्या ‘पायदळ आजी’ होत्या. आमच्या वऱ्हाडात पायी जाण्याला पायदळ जाणं म्हणतात, आणि मामी सगळीकडे पायदळच जायच्या. ऑटो दारात उभा असला तरी त्याला वळसा घालून. मुलगा दिलीप, म्हणजे माझा मेहुणा, म्हणायचा, “आई, मी सोडतो ना गाडीवर.” त्यावर मामींचं उत्तर ठरलेलं: “गाडीवर बसलं का पायाले वाटते आपलं काई काम नाई. मंग ते रातभर खुसखुस करतात.”

ही खुसखुस मी डोळ्यांनी पाहिली आहे. मामींना एका जागी बसवायचंच नाही. उभ्याने शेंगा सोलणार, उभ्याने चहा पिणार, टीव्हीवरची मालिका दाराच्या चौकटीला टेकून पाहणार, तीही एक पाय बाहेर ठेवून. हिवरखेडला होत्या तोवर सकाळी वावरात, दुपारी घरी, पुन्हा वावरात, असं त्यांचं आयुष्य चाललं, अगदी शब्दशः. सासरे वारल्यावर दिलीपने त्यांना अकोल्याला आणलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ठेवलं. वावर सुटलं, पाय सुटेनात. मग मामींनी शहरात कारण शोधलं: सांबार. म्हणजे कोथिंबीर. सकाळी सांबार आणायला जायचं, संध्याकाळी सांबार आणायला जायचं, आणि एका वेळी एकच लहान जुडी आणायची, म्हणजे पुन्हा जाता येतं. दिलीपच्या घरी तेव्हा चहा सोडून सगळ्यात सांबार असायचा.

आता फुटपाथबद्दल मामींचं स्वतःचं एक शास्त्र होतं आणि ते त्यांनी हिवरखेडहून सोबत आणलं होतं. दोन वावरांच्या मधे जो उंच बांध असतो त्याला आम्ही धुरा म्हणतो. धुरा कोणाचाच नसतो, म्हणून सगळ्यांचा असतो. त्यावरून माणसं चालतात, बायका डबा घेऊन जातात. आणि वऱ्हाडात जेवढी भांडणं पोरीच्या लग्नात होत नाहीत तेवढी धुऱ्यावरून होतात. कारण शेजारी लबाड असला तर दरवर्षी नांगर फिरवताना हळूच एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, धुऱ्याच्या अंगात घालतो. पुढच्या वर्षी अजून एक. दहाबारा वर्षांनी बांधाची दोरी होते आणि माणसाला दुसऱ्याच्या पिकातून चालावं लागतं. मामींच्या हिशेबाने फुटपाथ हा रस्त्याचा धुरा होता, आणि मोटरसायकलवाले तो कोरून राहिले होते. “धुऱ्यावर नांगर घालत नाईत,” त्या म्हणायच्या. “आज एक जन घालते, उद्या समदे घालतात. मंग आपन कुठून जावं? तुरीतून?”

तुरीतून म्हणजे रस्त्यावरून. ऑटो, ट्रॅक्टर आणि एसटीच्या पिकातून.

या शास्त्राशी माझी पहिली ओळख फार वाईट झाली. मी मूळचा अमरावतीचा. अमरावतीच्या माणसाला अकोल्यात आल्यावर वाटतं की आपण जरा सुधारलेल्या गावाहून आलो आहोत, आणि हे वाटणं अकोल्याचा उन्हाळा लागेपर्यंत टिकतं. माझी नोकरी अकोल्याला, ऑफिस जठारपेठेच्या पलीकडे, आणि मी रोज उशिरा निघणारा. चौकात गाड्या तुंबल्या की मी पुढचं चाक उचलून फुटपाथवर चढवायचो. सगळेच चढवायचे. मला ती युक्ती वाटायची. घरी येऊन बायकोला सांगायचोही, “आज चौकातून कसा निघालो पाहा.”

एका सकाळी असाच चढलो. उन्हाळ्याचे दिवस, डोक्यावर हेल्मेट, त्याच्या आत तोंडाला दुपट्टा. म्हणजे आईनेही ओळखलं नसतं. समोर एक बाई पिशवी घेऊन फुटपाथच्या बरोब्बर मधून चाललेली. मी हॉर्न दिला. बाई मंदावली. मी आणखी दिला. बाई थांबली आणि कूलरच्या दुकानाची पाटी वाचू लागली. माझ्या मागे आणखी दोघे चढून आले होते, तेही वाजवायला लागले. तेव्हा मी हेल्मेटच्या आतून ओरडलो, “ओ बाई! बहिऱ्या झाल्या का? सरका ना!”

बाई वळल्या.

हॉर्नला न वळणारी मान माझ्या आवाजाला वळली, कारण आवाज जवायाचा होता. मामींनी माझ्याकडे पाहिलं, झटकन पदर डोक्यावर घेतला आणि नजर खाली केली.

इथे जरा रीत सांगायला हवी. मामींच्या पिढीची बाई जवायासमोर बसत नाही, जवायाआधी जेवत नाही आणि जवायाशी थेट बोलत नाही. काही सांगायचंच असलं तर मधे एक माणूस लागतो. घरी मधला माणूस म्हणजे माझी बायको किंवा दिलीप. फुटपाथवर कोण? मामींनी इकडेतिकडे पाहिलं. शेजारी रफिकभाईंचं चहाचं दुकान होतं. रफिकभाई चहा गाळत होते.

“रफिकभाऊ,” मामी म्हणाल्या, “त्यायले म्हना, राम राम.”

रफिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्यापासून दीड हातावर उभा. “आजी राम राम बोल रही है.”

“राम राम,” मी हेल्मेटमधून म्हणालो.

“त्यायले म्हना, घरी समदे बरे हायेत ना?”

“घर में सब खैरियत?”

“बरे हायेत.”

मागचे दोघे हॉर्न वाजवायचे थांबले होते. त्यांना आता पुढे जाण्यापेक्षा इथेच जास्त मजा यायला लागली होती.

“त्यायले म्हना,” मामी पदर सावरत म्हणाल्या, “हा पायदळ लोकायचा धुरा हाय. त्यायले मी काई म्हंत नाई. जवाई हायेत, त्यायचा मान हाय. पन गाडीचा मान नाई. गाडी खाली उतरवून घ्या म्हना, अन् घरी चहा घेऊन जा म्हना.”

रफिकभाई बिचारे गोंधळले. यातलं किती हिंदी करायचं त्यांना कळेना. शेवटी ते म्हणाले, “दामादजी, उतर जाव. बात बढाने में फायदा नई.”

पण उतरायला तिथे उतार नव्हता आणि रस्त्यावर गाड्या एकमेकींना चिकटलेल्या. तेव्हा काय झालं, तर मी गाडी बंद केली, खाली उतरलो आणि पुढच्या मोकळ्या जागेपर्यंत फुटपाथवरून ढकलत नेली. पुढे मामी पिशवी घेऊन चालत होत्या, मागे मी गाडी ढकलत होतो, आणि माझ्या मागे ते दोघेही, का कोण जाणे, आपापल्या गाड्या ढकलत येत होते. वरातीत घोडा मागे आणि नवरदेव पायी असं कधी पाहिलं नसेल तर त्या दिवशी जठारपेठेत यायला हवं होतं. चहा मात्र चांगला मिळाला. त्यात सांबार नव्हता.

ऑफिसात उशीर झाल्याबद्दल साहेबांना काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. त्यात एका काल्पनिक म्हशीचा उल्लेख होता.

या गोष्टीने मी सुधारलो असं वाटत असेल तर वाचकांचा माझ्याबद्दल गैरसमज आहे. मी फक्त रस्ता बदलला. मामी ज्या बाजूने जातात त्याच्या समोरच्या बाजूच्या फुटपाथवर चढायला लागलो.

मग ते झालं. दिवाळीच्या आधीची संध्याकाळ, चौकात गर्दी. मामी सांबाराची जुडी घेऊन परतत होत्या. यावेळी मोटरसायकल समोरून आली, म्हणजे मान वळवायचाही प्रश्न नव्हता. दोन पोरं होती. मामी थांबल्या. पोरांना वाटलं निघतो आपण कडेने. हँडलचं टोक मामींच्या कोपराला लागलं आणि त्या फुटपाथच्या सिमेंटच्या गट्टूवर पडल्या, हातावर. पोरं जरा पुढे जाऊन थांबली, मागे पाहून एक म्हणाला, “आजी, दिसत नाही का?” आणि गेली. रफिकभाईंनी दुकान तसंच सोडून मामींना ऑटोत घातलं. मनगट मोडलं होतं. ऑटोत बसावं लागलं याचंच मामींना जास्त वाईट वाटलं, असं रफिकभाई नंतर सांगत होते.

प्लास्टर लागलं. दिलीप घाबरला. त्याने आईला सांगितलं, आता खाली उतरायचं नाही. मामी “बरं” म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी गळ्यात झोळी घालून सांबार आणायला गेल्या. दिलीप ओरडला. सून रडली. मामी संध्याकाळी पुन्हा गेल्या. मग दिलीपने मला फोन केला.

“भाऊजी, तुमी या. आमचं कोणाचंच ऐकत नाही. तुमचा शब्द ती मोडणार नाही.”

आता माझी अवस्था समजून घ्या. लग्नाला इतकी वर्षं झाली. सासरी मला पाट मिळायचा, टोपी मिळायची, मोठी वाटी भरून तूप मिळायचं, पण माझ्या अकलेची गरज आजवर कोणाला पडली नव्हती. मी इस्त्रीचा शर्ट घातला. रस्त्यात भाषण जुळवलं. दिलीपच्या बैठकीत बसून चिवडा खाल्ला, खाकरलो, आणि आतल्या दाराआड उभ्या असलेल्या पदराला उद्देशून बोललो: वय झालं, रस्ते वाईट झाले, लोकांना माणुसकी राहिली नाही, वगैरे. मोटरसायकलवाल्यांबद्दल तर मी फारच कडक बोललो. आणि शेवटी म्हणालो, “मामी, आता एकटं बाहेर पडायचं नाही. हा माझा शब्द समजा.”

मग मामी सुनेला म्हणाल्या, “त्यायले म्हना, बरं.”

झालं. दिलीपने माझा हात हातात घेतला. मी घरी आलो तो जिल्हा जिंकून आल्यासारखा. बायकोने विचारलं, “काय म्हणाली आई?”

“बरं म्हणाली.”

“नुसतं बरं?”

“नुसतं.”

बायको खालीच बसली. “अहो, काय केलं तुमी हे! दिलीपले बरं म्हणते तर दुसऱ्या मिनिटाले विसरते. तुमाले म्हणाली म्हणजे आता मरेपर्यंत पाय बाहेर नाई टाकणार ती. तुमी तिले कोंडून आले.”

मी म्हणालो, दोनचार दिवस. पण दिवाळी गेली, प्लास्टर निघालं, थंडी पडली, आणि मामी खाली उतरल्या नाहीत. सुरुवातीला त्या घरातल्या घरात चालायच्या, ओट्यापासून गॅलरीपर्यंत आणि परत, इतक्या की खालच्या मजल्यावरचे विचारायला आले, वर काही यंत्र बसवलं आहे का. मग ते चालणंही कमी झालं. दिलीप खूश होता. “आई आता शांत झाली,” म्हणायचा. भाजीतला सांबार बंद झाला. मागवला तर मिळत होता, पण कोणी मागवत नव्हतं.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेलो. दार उघडंच होतं. मामी गॅलरीजवळ खाली बसल्या होत्या. बसलेल्या. मला पाहून त्यांनी उठायला सुरुवात केली, भिंतीचा आधार घेतला, एक गुडघा टेकला, आणि तोवर मी चप्पल काढून, पाणी पिऊन, खुर्चीवर बसलोसुद्धा होतो. त्या अजून अर्ध्यातच होत्या. जवायासमोर ही बाई कधी बसलेली पाहिली नव्हती, आणि आता ती उठू शकत नव्हती. तिळाचा लाडू माझ्या तोंडात फिरत राहिला. त्या रात्री मी कूस बदलत राहिलो. हिचे पाय बंद पडले तर ते माझ्या शब्दाने, एवढं मला सरळ कळत होतं.

सकाळी तोंड न धुता दिलीपला फोन केला, “माझा शब्द मी परत घेतो म्हणून सांग आईला.” दिलीपने सांगितलं. मामींचा निरोप आला: “त्यायले म्हना, जवायाचा शब्द म्हंजे काई दुकानातलं लुगडं नाई, वापस कराले.”

मग मी डोकं चालवलं. माझं डोकं चाललं की काय होतं हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. मी दिलीपकडे गेलो, चेहरा पाडून बसलो आणि दाराआडच्या पदराला ऐकू जाईल असं म्हणालो, “दिलीप, मला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी पायदळ चाला. पण एकट्याने मला चालवत नाही. कोणी सोबत असतं तर...”

मला शुगर नव्हती. पण शब्द ‘एकटं बाहेर पडायचं नाही’ असा होता, आणि आजारी जवायाला एकटं सोडणं कुठल्याच रीतीत बसत नव्हतं. दिलीप माझ्याकडे रागाने पाहत होता. त्याला डाव कळला होता. मग आतून आवाज आला, “त्यायले म्हना, उद्या तांबडं फुटलं का खाली उभे राहा.”

“भाऊजी,” दिलीप हळू म्हणाला, “तिले काई झालं तर तुमाले माफ करणार नाई मी.”

तेव्हापासून मी रोज पहाटे उठलो. आयुष्यात इतका कधी चाललो नव्हतो. पहिल्या आठवड्यात माझा उजवा अंगठा चालताना आपोआप हॉर्नचं बटण दाबायचा. फुटपाथ मला चाकांच्या उंचीवरून माहीत होता. चपलेच्या उंचीवरून तो वेगळाच निघाला. गट्टू हलतात, चेंबरचं झाकण एका कोपऱ्याने उचललेलं असतं (त्यात माझा पाय गेला, मामींनी पदराआड हसू लपवलं), विजेचा डबा मधेच उभा, कूलरवाल्याचा माल बाहेर. मामी या सगळ्यांना वळसा घालायच्या, तक्रार करत नसत. मी तावातावाने म्हणालो, “या कूलरवाल्याला आधी हटवलं पाहिजे.” मामी शेजारून जाणाऱ्या दूधवाल्याला म्हणाल्या, “त्यायले म्हना, कूलर अंगावर धावून येत नाई.” दूधवाला निरोप न देताच पुढे गेला, पण मला पोचला.

आणि माझ्या शुगरची बातमी सासरी सगळीकडे पसरली. चहातली साखर गेली. त्या वर्षी अधिक महिना होता; जवायाला धोंड्याचं जेवण, अनारसे, चांदीच्या वाटीत दिवा. माझ्या साडूला अनारसे वाढले. मला कारल्याची भाजी आणि ज्वारीची भाकर, चांदीच्या ताटात, दिव्यासह. मी खरं सांगू शकत नव्हतो. मामींनी पंख्याने वारा घालत सगळं कारलं संपवून घेतलं.

ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे तो उन्हाळ्यातला. आम्ही त्याच चौकाशी आलो जिथे त्या पडल्या होत्या. मामींची चाल तिथे रोज थोडी बदलायची. डावा हात त्या पोटाशी धरायच्या. समोरून एक मोटरसायकल फुटपाथवर चढली. हेल्मेट, आत दुपट्टा, हँडलला डबा. अगदी मीच. आणि मी काय केलं? मी खाली उडी मारली. रस्त्यावर. मागून ऑटोने कचकन ब्रेक मारला आणि ड्रायव्हर ओरडला, “मरतं का बे!”

मामी वरच होत्या. हात पोटाशी, पाय रोवलेले. गाडी त्यांच्यापासून वीतभर अंतरावर थांबली. मोटरसायकलवाला काहीतरी म्हणाला, त्यांनी ऐकलं नाही. त्या रस्त्यावर उभ्या माझ्याकडे पाहत होत्या. आजूबाजूला रफिकभाई होते, ऑटोवाला होता, मधल्या माणसाची काही वाण नव्हती.

“तुमी खाली कावून उतरले?” मामी मला म्हणाल्या. मला. थेट. “वर या.”

मी वर आलो. आम्ही दोघं शेजारीशेजारी उभे राहिलो. मोटरसायकलला मागे जायचा गिअर नसतो, हे मला माहीत होतं. त्या माणसाला दोन्ही पायांनी बदकासारखं मागे मागे सरकत पार कोपऱ्यापर्यंत जावं लागलं. मला त्याची कीव येत होती.

परत येताना मी विचारलं, “मामी, भेव नाही वाटत?”

“वाटते ना. रोज वाटते.” त्या चालत राहिल्या. “घरी बसलं का जास्त वाटते.”

चौक ओलांडताना त्यांनी माझ्या बॅगेचा पट्टा धरला. त्यानंतर आमच्यात मधला माणूस लागला नाही. बायकोला हे फार दिवस खरं वाटलं नाही.

दोन हिवाळे आम्ही चाललो. तिसऱ्या हिवाळ्यात मामींना ताप आला, छातीत कफ झाला, आणि आठवडा पुरता व्हायच्या आत त्या घरीच, आपल्या अंथरुणात गेल्या. दिलीप म्हणाला, शेवटच्या रात्री गोधडीखाली पाय हलत होते, कुठेतरी निघाल्यासारखे. त्याने मला काही बोल लावला नाही. त्या रस्त्यावर गेल्या नाहीत, म्हणजे दिलीपशी लागलेली पैज मी जिंकलो असं मला वाटत राहिलं, आणि जिंकून करायचं काय ते कळेना. पहाटे जाग यायची, उठून कपडे घालायचो, आणि मग कुठे जायचं म्हणून खुर्चीवर बसून राहायचो.

तेरवी दिलीपच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ठेवली. हिवरखेडहून भाऊबंद आले, नातेवाईक आले, रफिकभाई आले. पंगत बसली. मला रीतीप्रमाणे पहिल्या पाटावर बसवलं, फाटकाच्या अगदी समोर. पत्रावळी वाढून झाल्या, वरणभातावर तुपाची धार पडली, बुंदीची बादली फिरली. मोठे मामाजी, म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ, श्लोक म्हणायला घसा साफ करत होते, आणि माझी नजर फाटकाबाहेर गेली.

पार्किंगमध्ये पंगत म्हटल्यावर गाड्या कुठे जाणार? सगळ्या पाहुण्यांच्या मोटरसायकली फुटपाथवर उभ्या होत्या. एकीला एक चिकटून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. इस्त्रीवाली बाई डोक्यावर कपड्यांचं गाठोडं घेऊन आली, गाड्यांपाशी थबकली आणि खाली रस्त्यावर उतरली. मागून बस आली. बसने हॉर्न दिला. बाई घाईने गाठोडं सावरत नाल्याच्या कडेने पळाली. तिच्या मागे एक म्हातारा उतरला. मी घास हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. बसवेना. मी उठलो.

वाढलेल्या पानावरून जवाई उठला!

“जवाई रुसले!” कोणीतरी पुटपुटलं, आणि ते ओळीने शेवटपर्यंत गेलं. दिलीप हात जोडून धावत आला. “भाऊजी, काय चुकलं?” मोठे मामाजी वाढप्यावर ओरडले, “तूप कमी पडलं असन, वाढ बापा!” कोणी म्हणालं टोपीदुपट्टा द्यायचा राहिला, कोणी म्हणालं दिला पण हलका दिला, आणि त्यावरून दोन चुलतभावांची लगेच जुंपली. साडू माझ्या कानाशी आला, “अरे, तेरवीत रुसतात का?” मी बोलायला तोंड उघडलं आणि डोळे भरून आले. मला रडू येत आहे हे लोकांना कळलं, तशी त्यांची खात्रीच झाली की अपमान मोठा झालेला आहे.

“मागा, जवाईबापू,” मोठे मामाजी शेवटी काकुळतीने म्हणाले. “काय पाहिजे ते मागा. अन्न खोळंबलं.”

“गाड्या काढा,” मी म्हणालो.

“कोनाच्या?”

“सगळ्यांच्या. फुटपाथवरच्या.”

कोणी हललं नाही. मी खिशातून किल्ली काढली आणि बाहेर गेलो. पहिली गाडी माझीच होती. सकाळी सामान आणलं तेव्हा मीच ती तिथे चढवली होती; जवायाने लावली म्हणून पुढच्याने लावली, त्याने लावली म्हणून त्याच्या पुढच्याने. मी स्टँड काढला आणि ढकलायला लागलो. कोपऱ्यापाशी मागे पाहिलं तर दिलीप आपली गाडी ढकलत येत होता, डोळे पुसत. त्याच्यामागे रफिकभाई, साडू, भांडणारे ते दोघे चुलतभाऊ. मोठे मामाजी हातात किल्ल्यांचा झुबका घेऊन विचारत होते, “ही लाल कोनाची? अबे, ही लाल कोनाची?” पांढऱ्या टोप्या घातलेली सगळी माणसं शाळेच्या मैदानापर्यंत गाड्या ढकलत होती, आणि आत पत्रावळीवरचा भात गार होत होता.

शेवटची गाडी निघाली तशी आम्ही घामाघूम होऊन फाटकापाशी परत जमलो. फुटपाथ रिकामा होता. तेवढ्यात पलीकडून एक कॉलेजची मुलगी आली, कानात तारा, नजर मोबाइलमध्ये. तिला कशाचं काही माहीत नव्हतं. ती फुटपाथच्या बरोब्बर मधून चालत होती. आम्ही सगळे, मोठे मामाजीसुद्धा, कंपाउंडच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिलो, ती निघून जाईपर्यंत.